शब्दाच्या पोटातलं ‘नाही’

आमच्या किरगीझ भाषेत क्रियापदातलं ‘नाही’ वेगळं उभं राहत नाही, ते शब्दाच्या पोटात शिरून बसतं. ‘केलेत’ म्हणजे येतंय आणि ‘केल्बेइत’ म्हणजे येत नाही. मधला ‘बे’ तेवढा गिळला गेला की नकाराचा होकार होतो. फोनवर किंवा घोड्यावरून ओरडून बोलताना असे घोटाळे आमच्याकडे होतातच, आणि लोक हसून सोडून देतात. माझ्या बाबतीत मात्र तो ‘बे’ सासूबाईंच्या कानात हरवला, आणि त्या एका अक्षरापायी अख्ख्या आत-बाशी गावात तोंड लपवायची पाळी माझ्यावर आली.

मी बुरुल. शाळेच्या खानावळीत स्वयंपाकीण आहे. शाळा दोन पाळ्यांत भरते, म्हणून मीही दोन पाळ्यांत राबते. सकाळी गाय, मग तिघं मुलं, मग शाळाभर पोरांचं सूप, मग दुसऱ्या पाळीचं सूप, मग घरी येऊन पुन्हा गाय. गाय मला जितकं बघते तितकं माझा नवराही बघत नाही. तो ट्रक घेऊन खिंडीपलीकडे असतो, आला की पाहुण्यासारखा येतो, आणि पाहुण्याची सरबराई कोणी करायची हे सांगायला नको. एक ना धड, भाराभर चिंध्या, असं माझं चाललेलं असतं.

पण माहेरी मला ‘ओयमोवाली बुरुल’ म्हणायचे. ओयमो म्हणजे शिर्दाकवरची नक्षी. शिर्दाक आमचा नमद्याचा, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचा, गालिचा. दोन रंगांचे नमदे एकावर एक ठेवायचे, वरच्यावर नक्षी काढायची आणि धारदार सुरीने दोन्ही एकदम कापायचे. मग याची नक्षी त्याच्या पोटात बसवायची आणि त्याची याच्या. एका कापणीत दोन जुळे गालिचे होतात. एक लेकीबरोबर सासरी जातो, दुसरा उलट्या रंगांचा माहेरी राहतो. शिवणाऱ्या बायका घराघरांत आहेत. नक्षी काढणारी गावात एखादीच असते, कारण टाका उसवता येतो, कापलेला नमदा जुळवता येत नाही.

तर माझ्या नणंदेचं, चिनाराचं, शरदात लग्न ठरलं होतं. तांबडा आणि काळा नमदा गेल्या हंगामात गावच्या बायकांनी लाथा घालून घालून दाबून दिला होता. तो गाद्यांच्या ढिगाखाली पडून होता. शिवणाऱ्या बायका उन्हाळा लागला की गुरं घेऊन वर कुरणांवर जाणार, म्हणजे नक्षी नौरोजच्या, वसंतातल्या नववर्षाच्या, आत कापली जायला हवी. नाहीतर चिनारा शिर्दाकशिवाय जाणार. आमच्या घरातली एकही मुलगी तशी गेलेली नाही.

आणि मला नक्षीच येत नव्हती, सुचतच नव्हती. धाकट्याच्या जन्मानंतर मी एकही काढली नव्हती. मला वाटायचं, एक निवांत दुपार मिळाली पाहिजे. मुलं आजोळी, घर झाडलेलं, चहा गरम, आणि मी नमद्यासमोर. अशी दुपार मिळेल तेव्हा मिळेल म्हणून मी वाट बघत राहिले. एकदा चुकून मिळाली तर मी नमद्यावरच झोपले आणि गालावर लोकरीचे वळ घेऊन उठले.

त्या दिवशी चिनाराचा बिश्केकहून फोन आला. ती तिथे शिवणकामाच्या कारखान्यात आहे. रेंज नेहमीसारखी तुटत होती.

“वहिनी, नक्षी येतेय का काही?”

“कुठली नक्षी आणि कुठलं काय. इथे नाक पुसायला फुरसत नाही.”

“मग राहू दे ना,” ती अगदी मायेनं म्हणाली. “बाजारात तयार गालिचे मिळतात. धुवायलाही सोपे असतात. तू नको त्रास करून घेऊस.”

तिने टोमणा मारला असता तर मी दोन टोमणे मारून मोकळी झाले असते. पण ती खरंच माझी काळजी करत होती, आणि तेच झोंबलं. धुवायला सोपे. माझ्या नाकाचा शेंडा लाल झाला असणार. मी फोनमध्ये ओरडले, “केल्बेइत, चिनारा! ऐकू येतंय का? ओयमो केल्बेइत!”

फोन तुटला. मागे वळून पाहिलं तर सासूबाई दारात उभ्या. त्यांचं नाव मी सांगत नाही, आमच्यात सून सासूचं नाव घेत नाही, ‘एने’ म्हणते. त्यांचा एक कान अधू आहे. कुठला, ते त्या दिवस बघून ठरवतात.

“काय म्हणालीस, पोरी? ओयमो केलेत?”

“अहो नाही, एने...”

पण त्या बूट चढवायला लागल्या होत्या. गुडघे दुखतात म्हणून अंगणातल्या कोंबड्यांना दाणे टाकायला न जाणारी बाई, ती फाटकातून अशी बाहेर पडली की मला हातातलं दूध खाली ठेवायलाही वेळ मिळाला नाही. मला वाटलं, शेजारी गेल्या असतील, येतील.

त्या शेजारी नव्हत्या गेल्या. त्या ‘सुयुंचू’ मागायला गेल्या होत्या. आनंदाची बातमी पहिल्यांदा आणणारा दारातूनच ‘सुयुंचू’ म्हणून ओरडतो, आणि ऐकणाऱ्याने त्याला काहीतरी द्यावंच लागतं. दिलं नाही तर बातमी नासते म्हणतात. आणि बातमी खोटी निघाली तर घेतलेलं परत करायचं आणि वर गावभर नाचक्की.

दिवेलागणीला सासूबाई परत आल्या तेव्हा त्यांच्या ओच्यात कुरुतच्या, वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या, साखरेचे खडे आणि कोणाचे तरी लोकरी मोजे होते. काखेत एक जिवंत कोंबडा होता. आणि हातात गल्लीतल्या बात्माने दिलेला, डोक्याला बांधायचा काशगरी रुमाल, पांढरा, निळ्या किनारीचा.

“एने, हे काय केलंत?”

“बातमी सांगितली,” त्या म्हणाल्या. “माझ्या सुनेला ओयमो आली म्हणून सांगितलं. बायका किती खूश झाल्या. रविवारी येतायत बघायला, बघणावळ घेऊन.”

नवी वस्तू पहिल्यांदा बघायची तर रिकाम्या हाताने बघत नाहीत आमच्याकडे. म्हणजे आणखी कोंबडे.

“अहो, आली नाही नक्षी. मी ‘केल्बेइत’ म्हटलं. मध्ये ‘बे’ होता.”

“काय होता?”

“बे.”

“कोण बे?”

मी नाद सोडला. बाजारात तुरी म्हणतात तसं झालं होतं, नक्षीचा पत्ता नाही आणि गावात मुहूर्त निघाला. कोंबडा तेवढ्यात गाद्यांच्या ढिगावर चढून बसला, नेमका माझ्या नमद्याच्या वर, आणि तिथून मला वरून खालपर्यंत बघू लागला.

दुसऱ्या दिवशी खानावळीत पाऊल टाकलं तर कालिपा एजे चुलीपाशी दात काढत उभी. ही माझ्याहून मोठी, म्हणून एजे, रस्सा तिच्याकडे आणि कणीक माझ्याकडे. तिची जीभ पळीपेक्षा लांब आहे.

“काय गं, नक्षी आली म्हणे. आम्हाला नाही सांगितलंस.”

“मलाच काल संध्याकाळी कळलं,” मी म्हणाले आणि सगळं सांगितलं.

ती हसली, इतकी हसली की झाकण पातेल्यात पडलं. मग डोळे पुसत म्हणाली, “मग जा आणि सांग सगळ्यांना, म्हातारीने चुकीचं ऐकलं म्हणून. कोंबडा परत कर. बात्माचा रुमाल परत कर.”

“तेच करणार आहे.”

“कर की. चिनारासाठी बाजारातला गालिचा आणा. धुवायला सोपा.”

ते तिला मीच सांगितलं होतं, तरी तिच्या तोंडून ऐकल्यावर मी कणीक जरा जास्तच जोरात तिंबली.

परत करायला मी खरंच निघाले होते. दुपारी दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात बात्माच्या घरी गेले. बात्मा आमच्या गल्लीतली सगळ्यात चिकट टाके घालणारी बाई, आणि स्वभावानेही तशीच. मी तोंड उघडायच्या आत तीच सुरू झाली.

“बुरुल, बरं झालं आलीस. मी सुई-दोरा काढून ठेवलाय. तुझ्या लग्नातला तुझा शिर्दाक मी हात लावून बघितला होता, आठवतं? तेव्हापासून सगळे मेंढ्याची शिंगं नाहीतर हंसाची पावलं, तेच ते आणि तेच ते. शिवून शिवून कंटाळले बघ. म्हटलं, मरायच्या आधी एखादी नवी नक्षी शिवायला मिळते की नाही.”

“तू कशाला मरतेस?”

“आता नाही मरत.” मग तिचं तोंड जरा पडलं. “पण एक सांग. तुझ्या एनेला माझा रुमाल आवडला नाही का? सकाळी फाटकात उभी होती, जुनाच होता डोक्यावर.”

ते मलाही खटकलं. सासूबाईंना रुमालांचा भारी सोस. नवा रुमाल हाती पडला की देणारा फाटकाबाहेर जायच्या आत त्यांच्या डोक्यावर असतो. पण मी माझ्या घोरात होते. “धुवायला घेतला असेल,” मी काहीतरी बोलले. खरं सांगायला आले होते ते तसंच घशात घेऊन परतले.

वाटेत शाळेचा पहारेकरी भेटला, मास्तरीणबाई भेटल्या, ज्याला बघावं तो विचारत होता, कशी आहे गं नक्षी. मी म्हणायचे, रविवारी बघा. रविवार माझ्या छातीवर दगडासारखा बसला होता. घरी जाऊन खडू घेतला, नमदा पसरला, आणि हात जो आखडला तो आखडलाच. एक रेघ मारली, ती दोरी पडल्यासारखी दिसली. झटकून टाकली. दुसरी मारली. तेवढ्यात मधली मुलगी म्हणाली, आई, दप्तर फाटलं. दप्तर शिवलं.

शुक्रवारी खानावळीत बोरसोक होते. नौरोज जवळ आला की पोरांना रोज तळलेले बोरसोक लागतात. मी कणीक लाटली, फळीवर पीठ भुरभुरलं, आणि तेल तापायची वाट बघत उभी राहिले. तेल काही आपल्या घाईने तापत नाही. डोक्यात रविवार. बोट फळीवरच्या पिठात फिरत होतं. मी बघतही नव्हते.

“हे काय?” कालिपा एजे म्हणाली.

मी खाली पाहिलं. पिठात एक वळण होतं. एक लांब दांडी, टोकाशी गोल पोट, आणि पोटातून परत फिरून दांडीला मिठी मारणारी रेघ. शेजारी तसंच दुसरं, उलटं. दोन्हींच्या मध्ये जी मोकळी जागा राहिली होती तिचाही तोच आकार झाला होता. शिर्दाकला अगदी हेच हवं असतं, की कापून उरलेलं कापलेल्याइतकंच सुंदर दिसावं.

“काही नाही,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

“काही नाही कसं? ही माझी पळी आहे. रस्सा ढवळताना दिसते तशी.”

आणि खरंच ती पळी होती. रोज सकाळपासून मी ती पातेल्यात फिरताना बघते, तिची सावली भिंतीवर बघते. हातानं ती कधी पाठ केली ते मला कळलंही नव्हतं. मी हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटातून हसू आलं.

तेल तापलं. फळी लागणार होती. मी तळहात फिरवला आणि नक्षी गेली. कालिपा एजे ओरडली, “अगं पुसलीस काय!”

“येईल परत,” मी म्हणाले. मी काय बोलले ते नंतर लक्षात आलं. मी ‘केलेत’ म्हटलं होतं, आणि मध्ये ‘बे’ नव्हता.

दुसरा घाणा पडला, पुन्हा पीठ, पुन्हा बोट. ती परत आली, आणि या वेळी पोट जरा भरलेलं होतं. पुसली. तिसऱ्या वेळी दांडीला एक गाठ आली. पुसली. आमच्या भाषेत ‘ओय’ म्हणजे विचार, आणि कोरायचं झालं तरी ‘ओय’च म्हणतात. इतकी वर्षं मी पहिल्या ‘ओय’ची वाट बघत बसले होते, आणि दुसरा रोज माझ्या फळीवर पिठासारखा पडून होता. खडूनं हात आखडतो, कारण खडू म्हणजे आता काढायचंच आहे. पिठाला काय, ते पुसायलाच टाकलेलं असतं.

त्या दिवशी बोरसोक जरा जास्त तांबूस झाले. पोरांनी कुरकुर केली नाही.

रविवारी बायका आल्या. बात्मा, कालिपा एजे, मास्तरीणबाई, आणखी किती तरी. घर भरलं, चहा उकळला, ओटीवर कुरुत आणि मिठाईचा ढीग झाला. दोन आणखी कोंबडे आले, आणि आमचा आधीचा कोंबडा त्यांच्याकडे मालकासारखा बघू लागला. चिनाराचा फोन भिंतीला टेकवून ठेवला होता, त्यात तिचं तोंड अर्धंच दिसत होतं.

“वहिनी, मी बघतेय बरं का.”

“बघ. आणि धुवायचं नाव काढू नकोस.”

नमदा मध्ये पसरला. काळा वर, तांबडा खाली. मास्तरीणबाईंनी खडू पुढे केला. मी खिशातून खानावळीतल्या पिठाची पुडी काढली.

“अगं, लाटणार आहेस का त्याला?” बात्मा म्हणाली.

“गप्प बस, तिला काढू दे,” कालिपा एजे म्हणाली. गप्प बसायला सांगणारी ती पहिल्यांदाच ऐकली मी.

मी काळ्या नमद्यावर चिमटीतून पीठ सोडत गेले. हाताला रस्ता माहीत होता. दांडी, पोट, मिठी. चारी कोपऱ्यांत चार, मध्ये एक मोठी जोडी, काठाने लहान लहान, एकीचं पोट दुसरीच्या दांडीला लागून. मुलगी काहीतरी मागायला आली, मी एका हाताने तिला बोरसोक दिला आणि दुसऱ्या हाताने रेघ चालू ठेवली. रेघ तुटली नाही.

संपलं तेव्हा मी हातावरचं पीठ झटकलं.

मग बात्मा खाली वाकली. “ही कुत्र्याची शेपटी आहे.”

“डोळे तपासून घे,” कालिपा एजे म्हणाली. “पळी आहे ती. माझी पळी.”

“पळी कधी शिर्दाकवर असते का?”

“आता आहे.”

“मला तर करकोचे वाटतायत,” फोनमधून चिनारा म्हणाली, “मान वळवून झोपलेले.” आणि ती रडायला लागली, आणि अर्ध्या तोंडाने रडणारी माणसं फार विचित्र दिसतात, म्हणून सगळ्याजणी हसायला लागल्या. बात्माही हसत होती आणि तिचं बोट नमद्यावरून, पिठाला धक्का न लावता, कुठून शिवायला सुरुवात करावी ते शोधत फिरत होतं.

सुरी मी चालवली. दोन्ही नमदे एकदम कापताना एक जाड, चरचरीत आवाज येतो. तो ऐकला आणि मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने गायला लागले, आणि मला गाता येत नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे. कोणी थांबवलं नाही. बायका चहाचे पेले हातात घेऊन बघत राहिल्या. शेवटचा तुकडा सुटला, मी काळी पळी उचलून तांबड्याच्या पोटात बसवली. ती घट्ट बसली.

तेवढ्यात आतल्या खोलीत पेटीचं झाकण करकरलं. सासूबाई उठून गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या डोक्यावर बात्माचा काशगरी रुमाल होता, पांढरा, निळ्या किनारीचा. घड्यांच्या रेषा अजून तशाच होत्या. त्या दिवसापासून तो कागदात गुंडाळून पेटीत होता, एकदाही न उलगडता, कुठल्याही क्षणी परत करता यावा असा.

“हा बघ, घातला,” बात्मा खूश होऊन म्हणाली. “मला वाटलं, तुला आवडला नाही.”

“आवडला तर,” सासूबाई म्हणाल्या. “पण आज माझा झाला.”

मी सुरी खाली ठेवली. त्यांच्याकडे पाहिलं. त्या खाली बसून गुडघे चोळत होत्या आणि माझ्याकडे बघायचं टाळत होत्या.

“एने,” मी हळूच विचारलं, “त्या दिवशी तो ‘बे’...”

त्यांनी रुमालाची किनार कानावर ओढून घेतली.

“मोठ्याने बोल, पोरी,” त्या म्हणाल्या. “या कानाने मला ऐकू येत नाही.”